सराट्याची चिठ्ठी

आलापल्लीच्या जंगलखात्याच्या बंगल्यावर मी धाकटा कारकून होतो. आमचे हेडक्लार्क भांड्यांची नावंसुद्धा सुधारत. बोलण्याआधी ते घसा खाकरत, आणि साहेबांच्या बोलण्यातला एखादा शब्द हळूच पुन्हा म्हणत.

तव्यावरचं धिरडं उलटायच्या लोखंडी पात्याला स्वयंपाकीणबाई सराटा म्हणायच्या. एकदा जबलपूरकडच्या साहेबांनी त्याला पलटा म्हटलं. त्याच दुपारी सराट्याच्या खुंटीखाली चिठ्ठी लागली, ‘पलटा’.

“सरकारी भांड्याले सरकारी नाव पाहिजे, बाई,” हेडक्लार्क म्हणाले.

“धिरडं त तेच हाये ना भाऊ?” बाई म्हणाल्या.

पुढे राज्य बदललं, चांदा जिल्हा मुंबईकडे गेला आणि साहेब पुण्याचे आले. चिठ्ठीवर ‘उलथनं’ आलं. हेडक्लार्क सराटा हातात धरून चुलीपाशी उभे राहिले. “आधी नाव नीट घ्या, मग देतो.” बाईंना ते नाव जमेपर्यंत धिरडं करपलं. ते त्यांनी मला वाढलं.

तिसरे साहेब चिमूरकडचे, आमच्याच जिल्ह्यातले निघाले. आल्या आल्या ते थेट चुलीपुढे उकिडवे बसले.

“बाई, सराटा द्या मले. मीच उलटवतो.”

हेडक्लार्कनी घसा खाकरला.

“सराटा,” ते हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळून आवाज चढवला, “किती वर्षांपासून सांगून राह्यलो तुम्हाले, सराटा म्हणत जा म्हणून!”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू येत होतं, पण मी मान खाली घातली. सगळ्या चिठ्ठ्यांवर अक्षर माझंच होतं.