"आज अभ्यास नाही" लिहिलेलं पान

मैत्रिणींनो, सायबर कॅफेतून घाईत लिहितेय.

आमची सई घरीच शिकते. आज तिला थेट पाचवीत घालायला राजारामपुरीतल्या एका शाळेत नेलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, चार वर्षं काय शिकवलासा? दाखवा की."

मी रोजच्या नोंदींच्या वह्या पुढं ठेवल्या. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं, जिथं मी लिहिलं होतं, "कोडोलीला मामाकडं. आज अभ्यास नाही." मी पान उलटायला हात पुढं केला.

सर मात्र हसले. खाली सईनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, मला पत्ताच नाही: "आई चुकली. आज मी म्हशीची धार काढली. आधी रेडकू सोडलं, मग म्हशीनं पान्हा सोडला."

"पोरगी घेतली," सर म्हणाले. "वही हिलाच लिहू द्या की."

तुमच्याकडं वही कोण लिहितं? आमच्याकडं आजपासून सई. शाळेतून बाहेर पडताच तिनं पहिली नोंद केली: "आज आईची परीक्षा होती. पास झाली."