हात मांडीखाली

माझी मावशी सातवीला गणित शिकवते. तिचा आवाज असा की आमच्या घरी तिने साखर मागितली तर शेजारी वाटी घेऊन येतात. त्या आवाजाने मागच्या वर्षी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "बोलणं कमी करा." काकांनी डॉक्टरांचे आभार जरा जास्तच मनापासून मानले.

मग मावशीने बाकं समोरासमोर लावली आणि चौघाचौघांचे गट केले. पहिल्यांदा सगळे हुशार एकाच गटात घालून बसली. त्यांनी गणित कोणी मांडायचं यावरच तास संपवला. शहाणी होऊन तिने मुलं मिसळली आणि नियम काढला: ज्याला गणित येत नाही, पेन त्याच्याच हातात. ज्याला येतं, त्याने हात मांडीखाली दाबून बसायचं. सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

वर्गात कल्ला वाढला. मोठे सर दारात येऊन म्हणाले, "बाई, वर्ग आहे की बाजार? शुक्रवारी येऊन बसतो. पटलं नाही तर बाकं पुन्हा रांगेत."

मावशीचं जेवणावरचं मन उडालं. कारण त्या बाजारात 'चिडीचूप' नावाने ओळखली जाणारी एक मुलगी नुकती तोंड उघडायला लागली होती. रांगा लागल्या की ती पुन्हा शेवटच्या बाकावर गडप.

शुक्रवारी सर नेमके चिडीचूपच्याच गटात जाऊन बसले. तिने अर्ध्यात एक तृतीयांश मिळवले. वरचे आकडे वर, खालचे खाली, उत्तर दोन पंचमांश. शेजारचा 'कॅलक्युलेटर' नावाने ओळखला जाणारा हुशार मुलगा हात दाबून नुसता चुळबुळत होता. सरांना मात्र राहवेना. त्यांनी सरळ पेन ओढलं.

"सर," चिडीचूप म्हणाली, "हात मांडीखाली."

मावशी म्हणते, तेव्हा तिला फळ्यामागे जागा असती तर ती शिरली असती. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि गुपचूप हात खाली घातले.

"बरं बाई. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

"कमी." ती थांबली. "अय्या! अर्ध्यात भर घातली आणि कमी झालं?"

"तेच तर!" कॅलक्युलेटर ओरडला.

"तू गप रे! मला करू दे." तिने खाडाखोड केली, एका आयताचे सहा तुकडे केले, तीन रंगवले, मग दोन. "पाच षष्ठांश!"

सर इतके हलत होते की बाक करकरत होतं. घंटा झाली तेव्हा ते उठले आणि मावशीला म्हणाले, "बाकं राहू द्या अशीच. फक्त दार लावून घेत जा, माझ्या खोलीपर्यंत येतं सगळं."

मावशीने श्वास सोडला. तेवढ्यात मागून चिडीचूपचा आवाज आला.

"सर, कुठे निघालात? उत्तर पडताळायचं राहिलंय."

सर परत बसले.