कुसुम सिस्टरची पांढरी साडी

कुसुम सिस्टर ड्युटीवर येताना पिशवीत दुसरी पांढरी साडी घेऊनच यायच्या. कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळच्या दवाखान्यात विषबाधेची माणसं एकामागून एक येत, आणि त्यांची ओकारी पहिली सिस्टरच्या अंगावर. माणूस ओशाळला की त्या म्हणायच्या, "ओकारीच हाये बापू, शिवी थोडीच देल्ली!" मग भिजलेला पदर अंगापासून लांब धरून पडद्यामागे जायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या, साडी बदलून यायच्या. "विष कातड्यातूनबी आत जाते," असं त्यांचं सांगणं.

त्या वर्षी अळी कशालाच दाद देत नव्हती. मारेगावाकडे आम्ही दोन औषधं एकात कालवून मारत होतो. भर उन्हात पंप पाठीवर घेऊन फिरलो आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पडलो. लेकानं उचलून घरी आणलं. दवाखाना म्हणजे शहर. आमच्याकडे मळक्या अंगानं कोणी गाव सोडत नाही. म्हणून बायकोनं धोतर बदललं आणि औषधानं भिजलेल्या बनियनवरच इस्त्रीचा सदरा चढवला.

सिस्टरची अंगावरची साडी सकाळीच बाजूच्या खाटेवरच्या माणसानं खराब केली होती. पिशवीतली नेसल्या, ती मी पोचताच ओकून खराब केली. डॉक्टरनं सुई दिली, सलाईन लावलं, तरी माझा घाम थांबेना. सिस्टर वाकल्या, माझ्या गळ्याशी वास घेतला.

"बाबा, सदरा काढा."

"काहून? धुतलेला हाये."

"आतमधी काय हाये?"

आतली बनियन फाटकी होती. मी त्यांचा हात झटकला. "मेलो तरी चालन, पण बाईमाणसापुढं उघडा नाही होत."

बायको रडायला लागली. सिस्टर पडद्यामागे गेल्या आणि बाहेर आल्या त्या पेशंटचा निळ्या पट्ट्यांचा सदरा-पायजमा घालून. पायजमा घोट्याच्या वर. सारा वॉर्ड हसला. एक जण म्हणाला, "सिस्टर, कोण्या खाटेवर भरती झाल्या?"

"याच, बाबाच्या बाजूले." मग माझ्याकडे वळल्या. "पाहा बाबा. एवढ्या वर्साची सिस्टर, अशी साऱ्यांसमोर उभी आहो. माही लाज गेली का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग तुमची काहून जाईन?"

मी हात वर केले.

बनियन निघाली तेव्हा पाठ लालभडक झालेली होती. त्यांनी हातमोजे घालून साबणानं कानामागून नखांपर्यंत सारं धुतलं. दिवस मावळता मावळता घाम उतरला.

बाजूच्या खाटेवरचा माणूस मात्र त्याच वेळी गेला. त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत सिस्टरनी त्याचे डोळे मिटले. तेव्हा कोणी हसलं नाही.

कुसुम सिस्टर आता नाहीत. आजारी पडल्या तेव्हा भेटून आलो, गेल्या तेव्हाही गेलो. माझ्या घरी फवारून आलेला माणूस अंगणातच सारे कपडे उतरवतो, अंग धुतो, मग उंबरठा ओलांडतो. लेक कुरकुरतो, "बाबा, रस्त्यानं लोक पायतात ना!"

"पाहू दे," मी सांगतो, आणि त्याचं धुणं होईस्तोवर दारातच खाट टाकून बसतो.