चव चांगली

"माजो आज उपास. तू चाख गो." एवढं म्हणून ती खिचडीची ताटली माझ्याकडे सरकवायची आणि नोंदवहीत स्वतः लिहायची, 'चव चांगली'.

रेडीजवळच्या आमच्या शाळेत शिक्षिका दोघीच. मुलांना वाढण्याआधी एकीने खिचडी चाखून सही करायची, हा नियम. तिच्या पाळीला सहा वर्षं चाखलं मी, सही केली तिने. आठवड्याचे वार सात, तिचे उपास आठ. आम्ही चेष्टा करायचो, पण कौतुकानेच. उपास म्हटलं की आपल्याकडे पुढे कोण विचारतो? शिजवणाऱ्या काकी तर संकष्टीला तिच्या पाया पडायच्या. तुम्हीही पडला असता.

एकदा मधल्या सुट्टीत खडू आणायला अडगळीच्या खोलीत गेले, तर ती जमिनीवर बसलेली. पुढ्यात गुळाच्या खाज्याची रिकामी पिशवी, मांडीवर मोबाईल, त्यावर रमीचे पत्ते. मला पाहून उठली, मोरीवर गेली आणि घशात बोटं घालून सगळं ओकली. मी पाठ चोळत राहिले, तेव्हा कुठे बोलली.

"रिकाम्या पोटाक पत्ते बरे येतत. जिंकलंय काय मगे खातंय, पोट फुटासर. पण खाल्लंय काय हरतलंय. म्हणान ओकतंय."

"आणि हरलंस तर?"

"मगे परत जिंकासर उपास."

बाहेर पडायला वाटच नव्हती त्यात. मी घाबरले, रागावले, आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथही घेतली. ती पाळली, ही माझी हुशारी. दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा माझ्याकडे सरकली आणि मी चाखलं.

श्रावणात ती परिपाठाला उभ्याउभ्या कोसळली. इस्पितळात डॉक्टरांनी मला विचारलं, या रोज काय खातात? तिच्या वाटचं तर मीच खाल्लं होतं. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

भाऊ तिला उपचारांसाठी गोव्याला घेऊन गेला. शाळेत ती परतली नाही. ती निघण्याआधी इस्पितळात मी तिच्या खाटेजवळ बसले होते. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. टांगलेल्या बाटलीकडे बघत तिने हळूच विचारलं,

"ह्या सलायन खाण्यात धरतत काय गो?"

डॉक्टरांना सगळं सांगून आलेली मी. पण तिचा चेहरा बघवेना.

"नाय गो," मी म्हटलं, "उपास मोडूक नाय."

ती हसली, आणि मोबाईलसाठी हात पुढे केला.