अंगानं भरू दे

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाला आमच्या हरिहरेश्वरकडे सुकत्या बोंबलांचा खारट वास असतो. त्या सकाळी मात्र मंदाच्या पडवीत त्या वासावर रक्ताचा वास चढला होता, आणि जन्मभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेल्या माझ्या नाकाला तो उंबऱ्यातच कळला.

मंदा माझी शेजारीण. मासळी सुकवून विकते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गेल्या पौषात तिच्या भावाने पनवेलहून गिनीपिगची जोडी आणून दिली तेव्हा मी हसले होते, "अगं, उंदरांचे कसले लाड!" पण मंदाची चाहूल लागताच ते इवले जीव शीळ घालू लागले, आणि तिच्या मुक्या घराला कंठ फुटला. मादीचं नाव तिनं चिंगी ठेवलं. ती तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची, म्हणून एका क्रेटमध्ये ती आणि दुसऱ्यात नर.

"बाई, आता सोडू काय दोघांना एकत्र?" मंदा अधूनमधून विचारायची. आणि नोकरीभर ज्या ठसक्यात मी कोवळ्या मुलींच्या लग्नाची घाई करणाऱ्या आयांना दटावलं, त्याच ठसक्यात म्हणायचे, "एवढी कसली घाई? पोर आहे ती. अंगानं भरू दे." मंदा लगेच मान डोलवायची. पावसाळा सरला, गणपती गेले, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या. चिंगी वर्षाची झाली, तेव्हा नवरात्रात मीच मुहूर्त दिला.

आता ती कण्हत पडली होती. एक पिल्लू सुखरूप बाहेर आलं होतं, जन्मतःच डोळे उघडे, अंगभर लव. दुसरं अर्ध्यावर अडकलेलं. शेकडो बायका सोडवलेले माझे हात त्या चिमुकल्या देहापुढे अगदी निकामी ठरले. माणगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वय विचारलं; मी जरा तोऱ्यातच सांगितलं, वर्षाची आहे.

"उशीर केलात, बाई," ते म्हणाले. "यांचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत व्हावं लागतं. नाहीतर ओटीपोटाखालचं हाड जखडतं, वाट उघडत नाही. तशीच घेऊन या."

म्हसळ्याच्या अलीकडेच, रिक्षात, मंदाच्या मांडीवर चिंगी गेली.

फोनवरचं बोलणं मंदाला ऐकू गेलं नव्हतं, आणि मी भित्रेपणाने ते गिळून बसले. वाचलेल्या पिल्लाला आम्ही दोघी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब दूध पाजत होतो, उताणं न धरता, कारण दूध छातीत उतरलं तर संपलंच. मग कोमट ओल्या कापसाने त्याचं ओटीपोट पुसायचं, कारण आईच्या चाटण्यावाचून त्याला लघवीसुद्धा होत नाही. मंदा हे इतक्या मायेने करायची की मी दुधाची वाटी धुवायच्या निमित्ताने उठायचे. तिनं मला देवासारखं मानलं होतं, आणि मी अडाण्यासारखी माणसाची मोजपट्टी त्या मुक्या जिवाला लावली होती.

चौथ्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "मंदा, चिंगी माझ्यामुळे गेली गं. मी थांब म्हणाले नसते तर वाचली असती."

तिनं कापूस पिळून पिल्लाचं पोट पुसलं. समोर उन्हात बोंबील हलत होते.

"मी चौदाची व्हती, बाई, लगीन झालं तवा," ती म्हणाली. "पोर असाच आडला. मेला. मंग कूस भरलीच न्हाय. माज्यासाठी कोन थांबला न्हाय. तुमी चिंगीला थांब म्हनायच्या ना, लय बरं वाटायचं."

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर सोसला असता. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगतच आले होते.

पिल्लू मादी आहे. आता गवताची कोवळी पाती कुरतडतं, पेरूची फोड खातं. तिला नराजवळ सोडायचं का आणि कधी, हे मंदाने मला अजून विचारलेलं नाही.