वर्नेलताईच्या खुणा

माझी थोरली बहीण वर्नेल बेसूर आहे, हे आधीच सांगून टाकते. डेट्रॉइटच्या आमच्या चर्चमध्ये दरवाजेसुद्धा सुरात करकरतात, तिथं ही एकटी बेसूर! म्हणून पाद्रीबाबांनी तिला दारात उभं केलं, येणाऱ्याला जागेवर बसवायला. या कामात बोलायचं नसतं, सगळं हातांच्या खुणांनी. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीवर, बोलेल तो उजवा. एक बोट वर, म्हणजे एकाला जागा आहे का? तळहात छातीकडे ओढला, म्हणजे पहिल्या बाकावर आणा. मनगट हलवलं, म्हणजे कुणाला तरी भरून आलंय, हातपंखा घेऊन धावा. बघता बघता ताई हे काम करणाऱ्या सगळ्या बायकांची पुढारी झाली.

माझा मुलगा डेलबर्ट आणि त्याचे तीन दोस्त लहानपणी तिच्याच हाताखाली तयार झाले. दर शनिवारी या खुणांची कवायत. "मेल्यांनो, हात आहेत की ओली फडकी?" असं ओरडायची. चौघं एकदम वळेपर्यंत घरी सोडायची नाही.

पुढे मिसरुडं फुटली आणि पोरांनी प्रेमाची गाणी धरली. आमच्या गल्लीवरून नाव घेतलं, 'हॅन्कॉक फोर'. तालीम कुठं, तर चर्चच्या तळघरात! ताईनं रंगेहाथ पकडलं.

"देवाच्या घरात 'बेबी, बेबी'? लाजा नाही वाटत?"

"मावशी, सूर तर तोच आहे गं, चर्चचाच."

"सूर मला कळत नाही, शब्द कळतात. हे थेर सोडशील तेव्हाच माझ्या दारातून आत पाऊल टाकायचं."

ताईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पोरगं दर रविवारी बाहेर पायरीवर बसून आतलं गाणं ऐकायचं. माझा जीव तुटायचा. पण बहीणही माझीच, पोरगाही माझाच. मी आपली घरी येऊन भांडी आपटायची.

आता खरं सांगायचं, तर गळे सोन्याचे, पण स्टेजवर चौघं नुसते खांब. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, यांना चावी द्या रे कुणीतरी!" तेवढ्यात डेलबर्टनं वरचा सूर लावला आणि पुढच्या रांगेतली एक पोरगी भोवळ येऊन पडली. याचा हात सवयीनंच उठला. मनगट हललं, हातपंखा आणा! बाकीचे तिघंही ताईच्याच तालमीतले, डावा हात पाठीवर घेऊन एकदम गर्रकन वळले. लोकांना वाटलं, हा नाच आहे. खुर्च्यांवर चढले की हो सगळे!

मग काय, त्या खुणांचाच नाच झाला. पांढरे हातमोजे आले. गाण्याची तबकडी निघाली, रेडिओवर वाजू लागली, आणि देशभरच्या गाण्यांच्या यादीत नव्वदच्या घरातून चढत चढत पहिल्या दहात जाऊन बसली. न्हाव्याकडे तेच, मासळीवाल्याकडे तेच. गाणं कानावर पडलं की ताई रस्ता बदलायची. शेवटी बिचारीला रस्तेच उरले नाहीत.

पोरं टीव्हीवर दिसायची होती त्या संध्याकाळी ती "तुझं भांडं परत द्यायला" म्हणून माझ्याकडे आली. कोट काढला नाही, बसली नाही. पडद्यावर चौघांनी बोट वर केलं, वळले, तळहात छातीकडे ओढला. अख्ख्या अमेरिकेसमोर ताईची कवायत, आणि वरून 'बेबी, बेबी'! जमलेल्या शेजारणी श्वास रोखून तिच्याकडे बघत होत्या. आता फुटतोय माझा टीव्ही, मी मनात म्हटलं.

"कोपर," ताई म्हणाली.

"काय?"

"डेलबर्टचं कोपर खाली आलंय. नजरेआड झाला आणि सैल पडला कार्टा. नीट जेवतो तरी का गं?"

आणि भांडं तसंच हातात घेऊन घरी निघून गेली.

ईस्टरला डेलबर्ट घरी आला. नवा कोट, नवी गाडी, पण पाय चर्चच्या पायरीवरच अडले. आत माणूस मावत नव्हता, गाणारे उभे होते, आणि दारात ताई. कामावर असताना ती बोलत नाही. डेलबर्टनं खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. डावा हात पाठीवर घेतला, कोपर ताठ. मग एक बोट वर केलं.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ती खूण कळते. सगळ्या माना दाराकडे वळल्या. गाणाऱ्यांचासुद्धा सूर हलला. गाणं काही त्यानं सोडलं नव्हतं, हे ताईला माहीत होतं. ती त्याच्या कोपराकडे बघत राहिली. अगं बाई, किती वेळ बघावं माणसानं! मग तिचा तळहात सावकाश छातीकडे ओढला गेला.

डेलबर्ट पहिल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. मी मागे वळून पाहिलं, तर ताई मनगट हलवत होती. म्हटलं, आता कुणाला काय झालं? दोघीजणी हातपंखे घेऊन धावत आल्या त्या थेट माझ्याकडेच. तेव्हा मला कळलं की मी मघापासून हुंदके देत होते.