पाणाड्याचा नारळ

यंदाच्या पाडव्याला आमच्या बेंबळीजवळच्या गावात सभा भरली, घरटी एक माणूस हजर होता. विहिरींचं पाणी खोल गेलं होतं, म्हणून यापुढं कुणीच नवी बोअर घ्यायची नाही, असा ठराव होता. पाणाड्याही आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो डोळे मिटून, झोपेत चालल्यासारखा शेतात फिरायचा. नारळ उभा राहिला की पुटपुटायचा, "हितं हाय बघा." भाव पाचशे रुपये आणि तोच नारळ. मी दोनदा दिले. पाणी एकदाच लागलं.

सरपंचबाईंनी विचारलं, "मामा, बोअर बंद झाल्यावर तुमी काय खाणार?"

"नारळ हाय की," म्हणत त्यानं ठरावाच्या बाजूनं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी पावसाचं पाणी मुरवायला खड्डा कुठं घ्यावा, ते शोधत तो गायरानात अनवाणी फिरत होता. मी मागोमाग चाललो.

"इतकी वरसं म्या पाण्याला वर बोलावलं," तो डोळे मिटूनच म्हणाला, "आता त्याला घरी पोचवून येतो."

नारळ उभा राहिला तिथं आम्ही खड्डा खणला. गावानं त्याला पाचशे रुपये दिले. नारळ त्यानं खड्ड्याला दिला.